मायक्रॉन बाजूला ठेवून चेहरा रंगवताना

भोसरी एमआयडीसीच्या जे ब्लॉकमध्ये नाहीतर टी ब्लॉकमध्ये कुठल्याही बऱ्यापैकी शेडमध्ये शिरा, दारातच जपान भेटतो. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके असा फलक, खाली मराठीत अर्थ, शेजारी कायझेनचे आधीचे-नंतरचे फोटो आणि चार पावलांवर रिजेक्शनची लाल पेटी. गो-नो गो गेजला न पटलेला जॉब त्या पेटीत जातो, विषय संपला. आपल्या पट्ट्याला जपान ठाऊक आहे तो हा.

त्याच देशात सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) नावाचा एक चहागुरू होऊन गेला. चीनहून येणाऱ्या नितळ, नेमक्या भांड्यांचा तेव्हा मोठा मान होता. रिक्यूने त्यांच्या पंक्तीत चाकावर न फिरवता हाताने घडवलेले, कडा वरखाली असलेले, जाडजूड वाडगे आणून बसवले. छोजिरो या कारागिराने त्याच्या सांगण्यावरून केलेले ते राकू वाडगे जपान आज जिवापाड सांभाळतो. अपुऱ्या, झिजलेल्या, तोल किंचित ढळलेल्या वस्तूतही सौंदर्य पाहण्याच्या या झेन वळणाच्या दृष्टीला तिथे वाबी-साबी म्हणतात.

त्या दृष्टीने माणसाचा चेहरा रंगवायचा असेल तर काय करावे, याबद्दल हा लेख आहे. तो लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ती शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट देऊन चित्रकला तिथेच थांबलेली, मग आयटीआय किंवा डिप्लोमा करून कामाला लागलेली आणि आता पुन्हा ब्रश हातात घ्यावासा वाटणारी मंडळी. तुमचा हात दिवसभर शंभरावा भाग मिलिमीटर सांभाळतो. म्हणूनच हे काम तुम्हाला आधी अवघड जाईल आणि पुढे कदाचित इतरांपेक्षा बरे जमेल.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. ‘अपूर्ण चालते’ म्हणजे ‘कसेही चालते’ नव्हे. रिक्यूची एक गोष्ट सांगतात. मुलगा बागेतली वाट झाडत होता. झाडून झाले, बापाने पुन्हा झाडायला लावले. दगड धुऊन झाले, शेवाळावर पाणी शिंपडून झाले, वाटेवर काडी उरली नाही. तेव्हा रिक्यू उठला, त्याने झाड हलवले आणि पिकली पाने वाटेवर पडू दिली. ओकाकुरा काकुझोने १९०६ च्या ‘द बुक ऑफ टी’मध्ये ही गोष्ट घेतली आणि ती जगभर गेली. (हा ओकाकुरा १९०२ मध्ये कोलकात्यात टागोरांच्या सहवासात होता.) ऐकणारे त्या पडलेल्या पानांवर खूश होतात. चित्र शिकणाऱ्याने मात्र आधीचे झाडणे लक्षात ठेवावे. न झाडलेल्या वाटेवर पाने पडली तर तो नुसता कचरा असतो. चेहऱ्याचे साम्य तुमच्या हाताला मुळीच येत नसेल, तर विद्रूपीकरणाच्या आड लपू नका. आधी सहा महिने साधी, सरळ व्यक्तिचित्रे काढा. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रे आहेत, एक पुरुषवेषातले, एक स्त्रीवेषातले. नाटकाचे तिकीट काढून लवकर जा आणि ती उभे राहून बघा. झाडलेली वाट कशी असते ते कळेल.

झाड हलवणाऱ्यांपैकी पहिला हाकुइन एकाकु (१६८६–१७६९). हा झेन साधू, आणि त्याने बोधिधर्माचे चेहरे आयुष्यभर काढले. बोधिधर्म दक्षिण भारतातून चीनला गेला अशी परंपरा आहे, म्हणजे चेहरा मुळात आपल्याच बाजूचा. वटारलेले डोळे, बटाट्यासारखे नाक, दाढीचे खरखरीत फटकारे. शाई कागदावर पडली की पुसता येत नाही. हाकुइनच्या काही चित्रांत आधी आखलेल्या फिकट रेषा अंतिम रेषेखाली स्पष्ट दिसतात. आखले एकीकडे, ब्रश गेला दुसरीकडे, आणि त्याने दोन्ही राहू दिले. छापील चित्र मिळाले तर फक्त ही गोष्ट शोधत बघा. शिकण्यासारखे त्यात पुष्कळ आहे.

युरोपातल्या अभिव्यक्तिवाद्यांना झेनशी देणेघेणे नव्हते, पण चेहऱ्याच्या बाबतीत तेही गुळगुळीतपणावर चिडलेले होते. व्हिएन्नाच्या ओस्कार कोकोश्काने १९१० मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ ओग्युस्त फोरेल यांचे चित्र केले. चित्रातला माणूस पक्षाघात झाल्यासारखा दिसतो म्हणून ते घरच्यांना आवडले नाही, आणि पुढे फोरेलना खरोखरच पक्षाघात झाला. ही हकीकत चमत्कार म्हणून सांगतात. चमत्कार बाजूला ठेवला तरी एवढे राहतेच की कोकोश्का समोरच्या माणसाकडे टक लावून बघत होता आणि दिसले ते सभ्यपणासाठी गाळत नव्हता.

आपल्याकडचे दोघे मात्र या कामासाठी सगळ्यात जवळचे. साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि नागपुरात जन्मलेला वासुदेव गायतोंडे. दोघांचा जन्म १९२४ चा, दोघांची मुळे गोव्यात, दोघे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सूझाला तिथून स्वातंत्र्यचळवळीपायी काढून टाकले आणि १९४७ मध्ये त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करण्यात पुढाकार घेतला. त्याची मुंडकी बघा. डोळे कपाळात चढवलेले, जाड काळी रेघ, गालांवर टाके घातल्यासारख्या आडव्या-उभ्या रेषा. लहानपणी देवीच्या आजारातून तो वाचला होता आणि व्रण चेहऱ्यावर राहिले होते. म्हणजे चेहऱ्याची कातडी ही गुळगुळीत वस्तू नसते हे त्याला आरशातून ठाऊक होते. पण त्याच्या चित्रांत राग फार आहे, आणि रागाची नक्कल पटकन साधते. नवशिक्यांची निम्मी ‘एक्स्प्रेशनिस्ट’ व्यक्तिचित्रे सूझाची दूरची, अशक्त भावंडे असतात.

गायतोंडे दुसऱ्या टोकाला. झेनचे वाचन-मनन त्यांनी गांभीर्याने केले आणि प्रौढ वयातल्या चित्रांतून माणूस, झाड, घर सगळे काढून टाकले. रोलर, नाइफ आणि कागदाचे तुकडे वापरून ते रंग लावत आणि उचलत. बसून विचार करण्यात दिवस जात आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे होत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. त्यांच्याकडे आपल्याला हवा तो चेहरा सापडणार नाही. त्यांच्याकडून घ्यायचे ते थांबणे आणि लावलेला रंग काढून घेणे. मुंबईला गेलात तर नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आणि वस्तुसंग्रहालयातला जहांगीर निकल्सन संग्रह बघून या. मांडणी बदलत असते, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करा.

आता माणूस. आपल्याकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे समोर बसायला माणूस मिळण्याचा वार गुरुवार. शेजारचे निवृत्त टर्नर काका, मेस चालवणाऱ्या मावशी, रात्रपाळी करून आलेला मामेभाऊ, कोणीही चालेल, फक्त चेहरा तुमच्या ओळखीचा हवा. आधी स्पष्ट सांगा, ‘काका, फोटोसारखं येणार नाही बरं का. वाकडं आलं तर रागवायचं नाही.’ मूर्ती होऊन बसायला लावू नका. गप्पा चालू द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उठू द्या, चहा होऊ द्या. बोलताना चेहऱ्याची कुठली बाजू आधी हलते, ऐकताना कुठली भुवई वर जाते, हे तुम्हाला कळले पाहिजे. मोबाइलच्या फोटोवरून काम करू नका. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगते, कान मागे पळतात, आणि ही विकृती लेन्सची असते, तुमची नव्हे.

एक विनंती. पागोटे, सुरकुत्यांचे जाळे आणि बाजूने पडलेला सोनेरी उजेड, हा प्रकार कॅलेंडरवाल्यांवर सोडा. सुरकुतलेला म्हातारा म्हणजे आपोआप वाबी-साबी, असे समजून केलेली चित्रे प्रदर्शनांत पैशाला पासरी आहेत. तिशीतल्या सीएनसी ऑपरेटरच्या चेहऱ्यातही उणे-अधिक असतेच: एका बाजूने चावायची सवय असल्यामुळे भरलेला जबडा, हेल्मेटच्या पट्ट्याची खूण, कॉलरपाशी बदलणारा कातडीचा रंग, वेल्डिंग करणाऱ्याचे अर्धवट मिटलेले डोळे.

आणि याच्याही पुढची, जरा टोचणारी गोष्ट. पॉवर प्रेसवर वर्षे काढलेल्या हातांत कधी एखादे पेर नसते. व्यक्तिचित्रात हात आला की ते दिसणार. ते झाकू नका असे कोणी म्हणेल, जपानी सौंदर्यदृष्टीचा दाखलाही देईल. मला ते मान्य नाही. वाडग्याची कड वापराने झिजते, दाराचा उंबरा पायांनी झिजतो. ते पेर मात्र झिजून गेलेले नाही, मशीनला गार्ड नव्हता म्हणून गेले आहे. त्याला अपूर्णतेचे सौंदर्य म्हणणे हा निर्लज्जपणा होईल. दाखवायचे की नाही हे समोर बसलेल्या माणसाला विचारा. तो ‘दाखव’ म्हणाला तर जसे आहे तसे, कोरडेपणाने दाखवा. त्यावर रंगाची कविता नको. ‘नको’ म्हणाला तर हात चौकटीबाहेर ठेवा. पहिल्या ब्रशआधी हे बोलणे उरकून घ्यावे.

रेखाटनाला एक पूर्ण बैठक द्या. आधी दोन सरळ, मापून काढलेली रेखाटने: डोळ्यांची रेघ कुठे, नाकाचा आस किती कललेला, ओठांची कुठली कड खाली. चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, पण सरावलेला हात त्यांना नकळत सारखे करून टाकतो, म्हणून सुरुवातीला पेन्सिल आडवी-उभी धरून मोजाच. मग कोळसा घ्या आणि नजर कागदावर न आणता, फक्त चेहऱ्यावर ठेवून, एकाच सलग रेषेत चेहरा काढा. कान गळ्यात जाईल, डोळा गालावर येईल. हसू येईल, येऊ द्या. अशी बरीच काढा, मग काही डाव्या हाताने. या ढिगात दोन-चार रेषा अशा सापडतात की ज्या मापाला चुकलेल्या असूनही माणसाला नेमक्या पकडतात. त्यांवर खूण करा. चित्रात विकृती येईल ती या रेषांतून, डोक्यात आधीच तयार असलेल्या ‘स्टाइल’मधून नव्हे.

पृष्ठभाग आपल्या परिसरात फुकट पडलेला असतो. मशीनच्या पॅकिंगचे प्लायवुड, पॅलेटच्या पाइनच्या फळ्या, जाड पुठ्ठा. कुदळवाडीतली भंगाराची दुकाने आणि शेड २०२५ मध्ये महापालिकेने पाडली, तेव्हा आता ओळखीच्या वर्कशॉपमध्येच विचारलेले बरे. साधारण दीड फूट बाय दोन फूट फळी घ्या, म्हणजे चेहरा खऱ्यापेक्षा थोडा मोठा येईल. तिच्यावर कटिंग ऑइल किंवा कूलंट सांडलेले असेल तर ती सरळ टाकून द्या; तेल मुरलेल्या लाकडावर रंग धरत नाही, सहा महिन्यांनी पापुद्रा निघतो. चांगली फळी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा, जेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या लेपाचे) दोन हात द्या. खिळ्यांची भोके, शिक्क्याचे अर्धवट अक्षर, लाकडाची गाठ बुजवू नका. पुठ्ठा असेल तर दोन्ही बाजूंना जेसो लावा, नाहीतर तो वाकतो. गंजलेल्या पत्र्याचा मोह अनेकांना होतो. त्यावरचा सुटा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढून, उरलेल्यावर पारदर्शक सीलरचा हात दिल्याशिवाय रंग लावू नका.

रंग ॲक्रिलिक घ्या. लवकर वाळतात, घरात वास होत नाही, आणि खरवडून पुन्हा लावणे सोपे जाते. तेलरंग ॲक्रिलिकवर चालतो, तेलरंगावर ॲक्रिलिक चालत नाही, हा क्रम उलटू नका. तेलरंगाने काम करणार असाल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. ट्यूब कॅम्लिनच्या चालतील. १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत सुरू केलेली ही कंपनी २०११ पासून जपानच्या कोकुयोकडे आहे, त्यामुळे विषयालाही धरून होईल!

रंग मोजके ठेवा. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, काळा, पांढरा. जोडीला एक, फक्त एक, मोठ्याने बोलणारा रंग, आणि तो या गावातला: जुन्या लेथचा करडा हिरवा, फॅब्रिकेशनच्या शेडमधला रेड ऑक्साइड, किंवा जमिनीवरच्या सेफ्टी लाइनचा पिवळा. गालाची सावली लेथच्या हिरव्यात टाकून बघा. कातडी त्या रंगाची नसते हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर तीस वर्षे पडलेला उजेड त्याच रंगावरून परतून आलेला आहे.

रंगवताना उभे राहा. भिंत रंगवायचा दोन इंची ब्रश घ्या. बारीक ब्रश दुसऱ्या खोलीत ठेवा, हाताशी असला की पापण्या काढाव्याशा वाटतात. पहिल्या तासात सगळा चेहरा झाकून टाका. मग चेहऱ्यातली एकच गोष्ट मापात ठेवायची असे ठरवा. बहुतेकदा ती दोन डोळे आणि नाकाच्या मुळामधले अंतर असते, कधी ओठ आणि हनुवटीमधले. ओळख त्या एका मापावर टिकते. बाकीचे ताणा, दाबा, हलवा. एकही माप सांभाळले नाही तर व्यंगचित्र होते किंवा कोणाचेच चित्र होत नाही. रंग ओला असताना वर्तमानपत्राचा कागद दाबून उचला, पुट्टीच्या पट्टीने खरवडा, खालचा कोळसा वर येऊ द्या.

इथपर्यंत उत्साह असतो. खरे काम पुढच्या आठवड्यात, चित्र वाळल्यावर. शॉप फ्लोअरवर बिघाडाच्या मुळाशी जायला पाच वेळा ‘का’ विचारतात, तेच इथे प्रत्येक उणिवेला विचारा. डावा डोळा खाली का गेला? कारण काका ऐकताना मान टाकतात. राहू द्या. कपाळावर रंगाचा ओघळ का? कारण ओघळ छान दिसतात असे कुठेतरी पाहिले होते. खरवडा. गालावर रेघ तुटली का? कारण तिथे फळीची गाठ आली आणि ब्रश अडखळला. राहू द्या, ती तर भेटच आहे. कानाच्या जागी नुसता डाग का? कारण कान जमेना. मग कान बसून शिका, आणि नंतर हवा तर डाग ठेवा. चेहऱ्यातून आलेली उणीव राहते, साहित्यातून आलेली राहते, आळसातून किंवा हौसेतून आलेली जाते. असे करता करता निम्मे चित्र खरवडले गेले तरी बिचकू नका.

याच कसोटीवर सोनेरी भेगाही बाद होतात. फुटलेले भांडे लॅकरने सांधून सांध्यावर सोन्याची भुकटी देण्याची किंत्सुगी ही जपानी कला सध्या फार लोकप्रिय आहे, आणि चेहऱ्यावर सोनेरी रंगाच्या भेगा ओढलेली चित्रे पोस्टरसारखी विकली जातात. किंत्सुगीत भांडे खरेच फुटलेले असते आणि पुन्हा वापरात येते. तुमचे काका फुटलेले नाहीत. सोनेरी ट्यूब विकतच घेऊ नका.

पार्श्वभूमीत काय घालायचे, याचे उत्तर बहुधा ‘काही नाही’ हेच. मशीन, चिमण्या, कारखान्याचे छप्पर यांनी चेहऱ्याचे निवेदन करायची गरज नाही. जेसो लावलेली फळी चेहऱ्याच्या एका बाजूला भरपूर मोकळी सोडा, दुसऱ्या बाजूला कमी. मोकळ्या जागेची सवय नजरेला व्हावी म्हणून सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात एक सकाळ घालवा. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते घडवले आहे. वापराने आलेली झिलई बघायची असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे आहेत.

कधी थांबायचे याला गेज नाही. चित्र भिंतीकडे तोंड करून आठवडाभर ठेवा, मग अचानक वळवून बघा. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून बघा. चित्र उजेड-अंधार धरून उभे असेल तर रंग काय म्हणतात याची फार चिंता नको. पुढचा फटकारा ‘पूर्ण करण्यासाठी’ मारावासा वाटू लागला की ब्रश धुवा.

मग काकांना बोलवा. ते काही क्षण गप्प राहतील आणि बहुधा म्हणतील, ‘हा मी?’ समजावून सांगायला धावू नका, वाबी-साबी हा शब्दही काढू नका. काकू मागून बघून ‘अगदी असेच बसतात रागावल्यावर’ म्हणाल्या तर साम्य पोचले आहे. नाही पटले तर पहिल्या बैठकीतले सरळ, मापातले रेखाटन फ्रेम करून त्यांना द्या. बसून दिलेल्या वेळाची तेवढी परतफेड व्हायलाच हवी. त्यांच्या संमतीशिवाय चित्र प्रदर्शनात किंवा मोबाइलवर फिरवू नका.

चित्र तुमच्याकडेच राहिले तर सही आणि तारीख मागच्या बाजूला घाला, मॅट व्हार्निशचा एक हात द्या आणि फ्रेममध्ये काच व चित्र यांच्यात फट राहील अशी पट्टी घालायला सांगा. जूनच्या आधी फळीची मागची बाजूही सील करून घ्या. इंद्रायणीकाठची पावसाळी ओल पॅकिंगच्या लाकडात भराभर शिरते, आणि जुलैत आलेली बुरशी अपूर्णता म्हणून खपवता येत नाही.